शीआनमध्ये एकच दिवस असेल तर काय पाहावं, काय सोडावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: बीजिंगहून येऊन शीआनमध्ये दोन रात्री मुक्काम, मधला एकच पूर्ण दिवस फिरायला. सोबत सत्तरीच्या घरातले आई-वडील. चौघांत दोघे शाकाहारी, दोघे मटण खातात पण बीफ नाही. यादीत टेराकोटाचं सैन्य, बिग वाइल्ड गूज पॅगोडा, शहराच्या जुन्या तटावर सायकल, घंटा मनोरा, श्यान्शी इतिहास संग्रहालय आणि मुस्लिम मोहल्ला. सगळं बसेल का?

सगळं नाही. सहापैकी चार गोष्टी नीट होतात. घंटा मनोऱ्यावर चढणं आणि संग्रहालय या दोन गोष्टी आताच खोडून टाका. मनोरा चौकातूनच उत्तम दिसतो, आणि रात्री दिव्यांत तर वर चढलेल्यांपेक्षा खालच्यांनाच जास्त दिसतो. संग्रहालय विनामूल्य आहे, पण आगाऊ नोंदणीशिवाय आत सोडत नाहीत, नोंदणी लगेच भरते आणि सोमवारी ते बंद असतं. शिवाय तीन तासांखाली तिथे जाण्यात अर्थ नाही.

उरलेल्या चारांचा क्रम नकाशावरच्या अंतरापेक्षा बंद व्हायच्या वेळांवरून लावायचा. सैन्य, म्हणजे चीनच्या पहिल्या सम्राटाच्या कबरीजवळ पुरलेल्या मातीच्या सैनिकांच्या मूर्ती, शहरापासून 40 किलोमीटरच्या आसपास पूर्वेला, लिनथुंगमध्ये आहे, आणि तिथे सकाळची पहिली वेळच कामाची. पॅगोड्याचं मंदिर संध्याकाळी पाचच्या सुमारास आवरतं. तटाचा दक्षिण दरवाजा रात्री उशिरापर्यंत उघडा असतो आणि मोहल्ला तर तेव्हाच रंगात येतो. म्हणून सैन्य, पॅगोडा, तट, मोहल्ला. बहुतेक जण सकाळी तटावर सायकल मारून दुपारी सैन्याकडे निघतात आणि गर्दी, ऊन, वाहतूक असं सगळंच अंगावर घेतात.

आदल्या रात्रीची तयारी. सैन्याचं तिकीट (120 युआन) पासपोर्ट क्रमांकावर, तारखेसह आगाऊ काढावं लागतं. अडतं ते इथेच: भारतीय पासपोर्टचा क्रमांक म्हणजे एक अक्षर आणि सात अंक. घाईत अक्षर गाळलं किंवा शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ टाकला की फाटकावर तिकीट सापडत नाही. पासपोर्टची फोटोप्रत चालत नाही, मूळच सोबत हवा. स्वयंचलित फाटक आपला पासपोर्ट वाचेलच असं नाही, म्हणून माणूस बसलेल्या रांगेत उभं राहा. आई-वडिलांसाठी वयाची सवलत आहे का, हे तिकीट काढतानाच पाहा.

पैशांसाठी अलीपे या चिनी पेमेंट ॲपमध्ये व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडून ठेवा आणि बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहेत ना, हे निघण्यापूर्वी भारतातच तपासा. बँकेचा ओटीपी भारतीय नंबरवर येतो, त्यामुळे ते सिम रोमिंगवर जिवंत हवं. 200 युआनपर्यंतच्या व्यवहाराला परदेशी कार्डावर जादा आकार लागत नाही, त्यावर 3 टक्के लागतो. व्हॉट्सॲप आणि गूगल हॉटेलच्या वायफायवर चालणार नाहीत. भारतीय सिमच्या रोमिंगवर किंवा बहुतेक प्रवासी ई-सिमवर चालतात. तरीही रस्ता शोधायला गूगल मॅप वापरू नका. चीनमधल्या नकाशांची अक्षांश-रेखांश पद्धत मुद्दाम सरकवलेली आहे, त्यामुळे ठिकाण आणि तुमचा निळा ठिपका यांत काही शे मीटरचा फरक पडू शकतो. अ‍ॅमॅप हे चिनी नकाशाचं ॲप घ्या.

दिवसभर सगळं फोनवर चालणार, तेव्हा पॉवर बँक लागेलच. पण पुढे चीनमध्येच विमानाने जाणार असाल, तर जून 2025 पासून देशांतर्गत विमानांत चिनी ‘थ्री-सी’ (सुरक्षा-प्रमाणनाची) खूण नसलेली पॉवर बँक विमानतळावर काढून घेतात. भारतातून नेलेल्या बऱ्याच पॉवर बँकांवर ती खूण नसते. मेट्रोच्या प्रत्येक स्थानकावर सामान एक्स-रेमधून जातं, त्यामुळे चाकू, कात्री आणि आईच्या पर्समधला अडकित्ता हॉटेलातच राहू द्या.

सकाळ: सैन्य

मुक्काम घंटा मनोऱ्याजवळ धरतो. मेट्रोने जायचं तर तिथल्याच चुंगलौ स्थानकावरून 6 नंबर लाईनने पूर्वेच्या टोकाला फांगचछंग, तिथे 9 नंबर लाईन पकडून ह्वाछिंगछ्र, आणि पुढे बस. दारापासून दारापर्यंत दीड तास धरा. चौघे आहात आणि सकाळचा वेळ मोलाचा आहे, म्हणून जाताना अलीपेमधल्या ‘दीदी’ या टॅक्सी-सेवेवरून टॅक्सी करा, येताना मेट्रो. सव्वासातला निघालात तर साडेआठच्या आत फाटकावर असाल. रेल्वे स्थानकासमोर ‘टेराकोटा, टेराकोटा’ म्हणत अंगावर येणाऱ्या एजंटांच्या बसमध्ये बसू नका. त्या बसगाड्या आधी मूर्तींच्या कारखान्यात नेतात, मग पहिल्या सम्राटाच्या कबरीच्या नकली ‘भूमिगत महाला’त, आणि खऱ्या जागी पोहोचेपर्यंत दुपार होते.

फाटकापासून, मूर्ती सापडल्या त्या खड्ड्यांपर्यंत बरंच चालणं आहे. मधे बॅटरीवरची गाडी मिळते. आई-वडिलांसाठी ती घ्याच, कारण पायांचा खरा खर्च पुढे आहे.

आत गेल्यावर आधी कुठे, यावर दोन मतं आहेत. लहान खड्ड्यापासून मोठ्याकडे जावं म्हणजे परिणाम चढत जातो, असं एक. ते उशिरा पोहोचणाऱ्यांसाठी ठीक. पहिल्या तासात आत असाल तर सरळ खड्डा क्रमांक 1 गाठा, कारण शहरातल्या सहलींच्या बसगाड्या साडेनऊनंतर येऊन ओततात आणि मग पुढच्या कठड्याशी पाच-सहा रांगांची माणसं असतात. हा खड्डा 230 मीटर लांब, 62 मीटर रुंद. मार्च 1974 मध्ये शीयांग गावचे शेतकरी विहीर खणत असताना तो लागला, आणि 1979 मध्ये संग्रहालय उघडलं. समोरून एक नजर टाकून लगेच बाजूच्या मार्गिकेने मागे सरका. सैनिक पूर्वेकडे तोंड करून उभे आहेत, त्यामुळे समोरून फक्त पहिली फळी दिसते. बाजूने पाहिलं की मधल्या मातीच्या भिंती, त्यांवर एकेकाळी टेकलेल्या तुळयांच्या खुणा आणि छत कोसळून चिरडलेल्या मूर्तींचा थर दिसतो. अखंड म्हणावी अशी मूर्ती जवळजवळ निघालीच नाही. उभे आहेत ते सगळे जोडलेले आहेत. ती जोडणी कशी होते ते खड्ड्याच्या मागच्या टोकाला दिसतं. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली धडं आणि चिठ्ठ्या लावलेले तुकडे तिथे मांडलेले असतात. गर्दी तिथपर्यंत येत नाही.

रंग का नाही, हा प्रश्न हमखास येतो. मूर्ती रंगवलेल्याच होत्या. मातीवर लाखेचा थर आणि त्यावर रंग. जमिनीखालच्या ओलीतून बाहेर आल्यावर लाख काही मिनिटांत आकसते, वळते आणि रंगासकट गळून पडते. उत्खनन सावकाश चालण्यामागचं आणि खड्डा 2 चा मोठा भाग अजून न उघडण्यामागचं हे एक मोठं कारण.

मग खड्डा 3. हा फक्त 520 चौरस मीटरचा, 68 मूर्ती आणि एक रथ. सैन्याचं मुख्यालय असावं असं मानतात. दहा मिनिटं पुरे. खरा वेळ खड्डा 2 ला द्या, म्हणजे त्यातल्या काचेच्या कपाटांना. इथे मूर्ती हातभर अंतरावरून पाहता येतात. गुडघा टेकून बसलेल्या धनुर्धाऱ्याला मागून पाहा. त्याच्या उजव्या बुटाचा तळ दिसतो आणि त्यावर टाके कोरलेले आहेत: चवड्याला आणि टाचेला दाट, मधे विरळ. खऱ्या कापडी बुटात जिथे झीज जास्त तिथे शिवण जास्त, तेच मातीत उतरवलं आहे. जमिनीत गेल्यावर कुणाला दिसणार नव्हतं तरीही.

1980 मध्ये सापडलेले दोन कांस्य रथ आता या आवारात नाहीत. ते लीशान उद्यानातल्या, 2021 मध्ये उघडलेल्या वेगळ्या संग्रहालयात आहेत. तिकीट तेच, बस मोफत, पण जाऊन-येऊन सव्वा-दीड तास जातो. रथ अर्ध्या मापाचे आहेत, चार-चार घोड्यांचे, आणि कारागिरीत मातीच्या सैनिकांच्या कितीतरी पुढे. पण एका दिवसात रथ आणि पॅगोडा दोन्ही आरामात होत नाहीत. धातुकामात रस असेल तर पॅगोडा बाहेरून पाहा आणि रथ घ्या. बाकी सगळ्यांना मी उलटं सांगेन. सम्राटाची समाधी म्हणजे झाडी वाढलेली टेकडी आहे, ती उघडलेली नाही. तिच्यासाठी वेगळा वेळ काढू नका.

साडेबारापर्यंत बाहेर पडा. परतीची वाट मुद्दामच दुकानांच्या लांबलचक गल्लीतून काढली आहे. तिथे जेवू नका, शहरापेक्षा महाग आणि बेचव. बिस्किटं-चिवडा तेवढ्यापुरता पुरेल.

दुपार: दायानता

परतताना ह्वाछिंगछ्रहून फांगचछंग, तिथे 6 नंबर, श्येननिंगलूला 3 नंबरमध्ये बदल, आणि ‘दायानता’ नावाचंच स्थानक. बिग वाइल्ड गूज पॅगोडा तो हाच. अडीचच्या सुमारास पोहोचाल. आसपासच्या व्यापारी संकुलांत जेवणाची सोय भरपूर.

हे ठिकाण आपल्यासाठी निव्वळ पर्यटनाचं नाही. शाळेच्या पुस्तकातला युआन श्वांग, म्हणजे ह्युएन त्सांग, 645 मध्ये भारतातून 657 ग्रंथ घेऊन परतला तो याच शहरात, तेव्हाच्या छांगआनमध्ये. 648 मध्ये युवराजाने आईच्या स्मरणार्थ बांधलेल्या दात्सअन मंदिरात बसून त्याने भाषांतरं केली, आणि आणलेल्या पोथ्या-मूर्ती आगीपासून सुरक्षित राहाव्यात म्हणून 652 मध्ये हा मनोरा उभा राहिला. बांधकामात त्याने स्वतः विटा-माती वाहिली, असं त्याचं जुनं चरित्र सांगतं. त्याच्या प्रवासवृत्तात ‘मो-हो-ला-छा’ म्हणजे महाराष्ट्र देशाचं वर्णन आहे: राजा पुलकेशी (दुसरा), स्वाभिमानी लोक, उपकार न विसरणारे आणि अपमानही न विसरणारे, युद्धापूर्वी मद्य पाजलेले हत्ती. राज्याच्या पूर्वेकडच्या डोंगरातला विहार आणि त्याच्या दाराशी दोन बाजूंना दगडी हत्ती, असाही उल्लेख आहे. ती जागा म्हणजे अजिंठा असं साधारणपणे मानतात. अजिंठ्याच्या 16 क्रमांकाच्या लेण्याखाली, जिन्याच्या दोन बाजूंचे हत्ती पाहिले असतील तर ओळ लगेच लागते.

मंदिराचं तिकीट वेगळं, मनोऱ्यावर चढायचं वेगळं. चढू नका. अरुंद लाकडी जिना आहे, 248 पायऱ्या, वर खिडक्यांतून शहर दिसतं आणि आत पाहण्यासारखं फार नाही. आजचं सात मजल्यांचं, 64.5 मीटरचं बाह्यरूप बऱ्याच नंतरच्या मिंग घराण्याच्या काळात चढवलेल्या विटांचं आहे. तांग घराण्याच्या काळातलं, म्हणजे युआन श्वांगच्या वेळचं, खरं काम तळमजल्याला आहे, आणि वर जायच्या घाईत लोक ते ओलांडून जातात. दक्षिण दरवाजाच्या दोन्ही बाजूंना कोनाड्यांत 653 चे शिलालेख आहेत, छू स्वेल्यांग या प्रख्यात सुलेखनकाराच्या हातचे. पश्चिमेकडच्या शिळेवर सम्राट थायत्सुंगने युआन श्वांगच्या भाषांतरांना लिहिलेली प्रस्तावना, पूर्वेकडच्या शिळेवर युवराजाची. पश्चिमेची उजवीकडून डावीकडे वाचायची, रिवाजाप्रमाणे. पूर्वेची मात्र डावीकडून उजवीकडे, म्हणजे दोन्ही मजकूर दाराकडून सुरू होऊन बाहेरच्या बाजूला जातात. समोर उभं राहिलं की जोडी आरशातल्यासारखी जुळते. पश्चिम दाराच्या माथ्यावरच्या दगडात तांग काळातल्या लाकडी सभागृहाचं रेखाचित्र कोरलं आहे. त्या काळच्या लाकडी इमारती जवळजवळ उरल्या नाहीत, त्यामुळे वास्तुकलेचे अभ्यासक या एका दगडाला फार मानतात. काचेवर प्रकाश पडतो, फोटो नीट येत नाही, डोळ्यांनी पाहा.

उत्तरेच्या चौकात कारंज्यांचा कार्यक्रम होतो. त्यासाठी थांबलात तर तट गेला. दक्षिणेला तांग काळाच्या धर्तीवर उभारलेला झगमगाटी रस्ता आहे, भाड्याच्या जुन्या पोशाखांत फोटो काढणाऱ्या तरुण मुलींनी भरलेला. आवडत असेल तर जा, नाहीतर चुकल्याची रुखरुख नको.

संध्याकाळ: तट

दायानताहून एक स्थानक श्याओचाय, तिथे 2 नंबर लाईन, उत्तरेकडे तिसरं स्थानक युंगनिंगमन. हा दक्षिण दरवाजा. तिकीट 54 युआन.

गडकिल्ले फिरलेल्या माणसाला इथे काही समजावून सांगावं लागत नाही. आधी खंदक, मग बाहेरचा दरवाजा, मधे चारी बाजूंनी तटांनी कोंडलेलं रणमंडळ आणि मग मुख्य दरवाजा. फरक आकाराचा. तट 12 मीटर उंच आहे आणि वरची फांजी, म्हणजे चालायची वाट, 12 ते 14 मीटर रुंद, म्हणजे दोन बसगाड्या आरामात एकमेकींना ओलांडतील. काम 1370 च्या दशकातलं, मिंग घराण्याचं. आधी चोपलेली माती, विटांचं आवरण 1568 मध्ये. बाहेर आलेले बुरूज 98, दर 120 मीटरला एक. बाणाचा पल्ला 60 मीटर धरला होता, म्हणून दोन बुरुजांमधली कुठलीही जागा दोन्हीकडून माऱ्यात येते.

पूर्ण घेरा 13.74 किलोमीटर. सायकल दरवाजावर भाड्याने मिळते, तीन तासांना 45 युआन आणि वर अनामत, जोडसायकलही असते. वेग शहरात असतो तसा ठेवू नका. वीट-फरसबंदी जागोजागी उखडलेली आहे, हादरे मनगटांना बसतात, थांबत गेलं तर फेरीला दोन तास लागतातच. पाऊस आला की सायकली देणं बंद करतात. सायकलींची वेळ तटाच्या आधी संपते, तेव्हा पोहोचल्यावर आधी तीच विचारा.

दिवसभराच्या चालण्यानंतर पूर्ण फेरीचा आग्रह धरू नका. दक्षिण दरवाजावरून पश्चिमेकडे निघा, नैऋत्य कोपरा गाठा आणि परत या. तटाचे तीन कोपरे काटकोनी आहेत, हा एकच गोल. जुन्या नगराच्या कोपऱ्यावर मिंगांनी बांधलं त्याची ही खूण. आई-वडिलांसाठी बॅटरीची गाडी तटावरही असते, किंवा ते रणमंडळाच्या वर बसून राहतील. तिथे वारा चांगला असतो आणि बसायला जागाही.

सूर्यास्ताचा हिशेब बीजिंगच्या घड्याळाने चुकतो. सबंध चीनमध्ये एकच वेळ चालते आणि शीआन बरंच पश्चिमेला, त्यामुळे इथे सूर्य घड्याळाच्या सुमारे पाऊण तास मागे असतो. जूनमध्ये आठच्या आसपास मावळतो, ऑक्टोबरच्या मध्यात सहा-दहाच्या सुमारास, डिसेंबरमध्ये साडेपाचनंतर. हिवाळ्यात सकाळी सव्वासातला निघाल तर बाहेर चक्क अंधार असेल, घाबरू नका.

उतरताना दक्षिण दरवाजानेच उतरा. बाकीचे दरवाजे रात्री लवकर बंद होतात.

रात्र: मोहल्ला आणि जेवण

दक्षिण दरवाजापासून सरळ उत्तरेला किलोमीटरभर चाललं की घंटा मनोरा (1384 चा, 1582 मध्ये आजच्या जागी हलवलेला), तिथून डावीकडे नगारखाना, आणि त्याच्या कमानीतून पलीकडे गेलं की पेयुआनमन, मोहल्ल्याची मुख्य गल्ली. इथे ह्वे, म्हणजे चिनी बोलणाऱ्या मुसलमानांची जुनी वस्ती आहे. मोठी मशीद पाहण्याजोगी आहे, पूर्णपणे चिनी लाकडी बांधणीची, पण संध्याकाळी पर्यटकांना बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी उशिराची असेल तर तासभर तिला द्या.

मुख्य गल्ली फक्त बघायला. खायला बाजूच्या शीयांगश किंवा तापीयुआनमध्ये वळा.

आता मुद्द्याचं. मोहल्ल्यात डुकराचं मांस नाही, पण बीफ सगळीकडे आहे. ‘यांग-रोउ’ म्हणजे मटण, ‘न्यौ-रोउ’ म्हणजे बीफ. मोहल्ल्याबाहेर नुसतं ‘रोउ’ म्हटलं की बहुधा डुक्कर. प्रसिद्ध रोउच्यामो, म्हणजे भाकरीसारख्या पावात भरलेलं मांस, मोहल्ल्यात सहसा बीफचा असतो आणि बाहेर डुकराचा. तुमच्यातल्या मांस खाणाऱ्या दोघांना दोन्हीकडे नको. मटण खाणाऱ्यांनी यांग-रोउ फाओमो घ्यावं. रिकाम्या वाडग्यात एक-दोन घट्ट पाव येतात, ते हातानेच कुस्करायचे, हरभऱ्याच्या दाण्याएवढे. मोठे ठेवले तर रस आत शिरत नाही, फार बारीक केले तर लगदा होतो. मग वाडगा नंबर लावून आत जातो आणि रस्सा, मटण, शेवया घालून परत येतो. ढवळायचं नाही, कडेने खात जायचं. सोबत गोडसर मुरवलेला लसूण येतो तो याच्यासाठीच. रस्सा कधी बीफच्या हाडांचाही असतो, म्हणून आधी विचारा.

शाकाहारी दोघांसाठी पहिली पसंती ल्यांगफी: थंड, रुंद, लवचीक पट्ट्या, त्यावर काकडी, मोड, व्हिनेगर, मिरचीचं तेल, तिळाच्या पेस्टचा प्रकारही मिळतो. दुसरी यौफो-म्येन, हाताने ओढलेल्या नूडल्सवर तिखट टाकून वरून कडकडीत तेल ओतलेलं, आपल्या फोडणीचाच प्रकार. काही जण त्यात खिमा घालतात, म्हणून ‘पू याओ रोउ’, मांस नको, हे सांगावंच लागतं. लसूण दोन्हींत असतो; नको असेल तर ‘पू याओ स्वान’. नुसतं ‘वो छ्र सू’, मी शाकाहारी, एवढ्यावर थांबू नका. मांसाचे तुकडे काढून ठेवले की झालं असं समजून रस्सा तोच वाढतात. ‘मांस नाही, मांसाचा रस्सा नाही, प्राण्याची चरबी नाही’ हे चिनी लिपीत भाषांतर करून त्याचं चित्र फोनमध्ये ठेवा आणि मागवण्याआधी दाखवा. सकाळी न्याहारीला मिळणारं हूलाथांग भाज्यांचं सूप दिसतं, पण मोहल्ल्यात त्यात बीफचे गोळे असतात.

गोडात शृज्-पिंग, टेंभुर्णीच्या जातीच्या पर्सिमन फळाचा गर आणि कणीक मळून, आत अक्रोड-साखर भरून तळलेल्या वड्या. गरमच खा, गार झाल्या की चिवट. डाळिंबाचा रस लिनथुंगच्या डाळिंबांचा असतो. आधी भरून ठेवलेला पेला घेऊ नका, समोर पिळून मागा.

एक ते सात ऑक्टोबर, मे महिन्याचे पहिले पाच दिवस आणि चिनी नववर्ष या सुट्ट्यांत ही आखणी चालणार नाही. सैन्याची तिकिटंच मिळणार नाहीत आणि मोहल्ल्यात गल्ल्या एकदिशा करतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रिपरिप पाऊस लागू शकतो. तसं झालं तर सायकल सोडून छत्रीसह तटावर चाला, गर्दी निम्मी असते. मेट्रो रात्री अकराच्या आसपास आवरते, तेव्हा मुक्काम लांब असेल तर साडेदहाला चुंगलौ स्थानकात असलेलं बरं.